परसातली भाषा

पांढुर्णा गावाचे नाव महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांत बहुधा वर्षातून एकदाच छापून येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, एका काठावरून पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात, शेकडो माणसे रक्तबंबाळ होतात, एखाद्या वर्षी जीवही जातो. आणि दुसऱ्या दिवशी जखमींचा आकडा देऊन वार्ताहर मोकळा होतो. गोटमारीचे समर्थन आम्ही करीत नाही. दगडाने माणूस फोडण्यात कसली संस्कृती आली! परंतु आमचे आजचे भांडण त्या प्रथेशी नसून तिच्यापलीकडे काहीही न पाहणाऱ्या दृष्टीशी आहे. ज्या हातांनी त्या दिवशी दगड उचलला, त्याच हातांनी आदल्या दिवशी बैलाची शिंगे रंगविली होती, त्याच्या पाठीवर झूल घातली होती आणि त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळले होते. ज्या पळसावर निशाण चढते, त्याच पळसाच्या पानांच्या पत्रावळी घरोघरी लावल्या जात. याची बातमी होत नाही. घरात जे घडते ते क्षुल्लक, असे आपण सर्वांनी जणू ठरावच करून टाकले आहे. हा ठराव आम्हांस मान्य नाही, आणि पांढुर्णा-सौंसरच्या बाबतीत तर तो घातक आहे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

थोडा इतिहास सांगणे येथे आवश्यक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे सौंसर आणि पांढुर्णा हे भाग बोलीने, नात्यागोत्याने, सणावाराने नागपूर-वऱ्हाडाचे होते आणि आहेत. पुढे २०२३ साली या दोन तहसिली एकत्र करून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मात्र कचेरीची भाषा हिंदीच राहिली. ज्या दिवशी ही सीमा आखली गेली, त्याच दिवशी राज्यघटनेत सातव्या दुरुस्तीने ३५०-अ हे कलमही आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असे ते कलम सांगते. प्रयत्न करावा! या एका क्रियापदाच्या आडोशाला किती सरकारे सुखाने झोपली, याचा हिशेब कोणी मांडावा?

कचेरीतून मराठी गेली आणि बहुतेक मुलांच्या शाळेतूनही गेली. मग इतकी वर्षे ती राहिली कोठे? आमचे उत्तर सरळ आहे: ती घरात राहिली. ती गोठ्यात राहिली, चुलीपाशी राहिली, आणि सर्वांत अधिक परसात राहिली.

वाचकांस हे अलंकारिक वाटू नये म्हणून एकच वस्तू घेऊ. कपाशीच्या वा ज्वारीच्या कडेने अंबाडी पेरीत. तिच्या कोवळ्या पानांची भाजी होई, आणि पीक तयार झाले की तिचे दांडे कापून, पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घालीत. मग साल सोलून, धुऊन, वाळवून ढेऱ्यावर तिची सुतळी कातीत आणि सुतळीला पीळ देऊन दोर वळीत. त्या दोराचे बैलाच्या गळ्यात झाले दावे, नाकात झाली वेसण, हाकणाऱ्याच्या हातात आला कासरा. एका रोपापासून जेवणाचे ताट आणि जनावराचा साज, दोन्ही घरच्या घरी! आज बाजारात नायलॉनची दोरी मिळते. ती स्वस्त आहे, पाण्याने कुजत नाही, हेही खरे. परंतु ती बैलाची मान काचते, आणि दुकानदार तिला एकाच नावाने विकतो: रस्सी. दावे, वेसण, कासरा हे भेद त्याला कशाला हवेत? वस्तू एकजिनसी झाली की शब्दही एकजिनसी होतो. ढेरा अडगळीत पडला त्याच दिवशी ‘ढेरा’ हा शब्दही अडगळीत पडला. त्यासाठी कोणत्याही सरकारला हुकूम काढावा लागला नाही.

हीच गोष्ट भाजीच्या वाफ्याची. या भागात आणि नागपुराकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि कढीपत्त्याला गोडनिंब. परसात सांबाराचे चार वाफे असले आणि आजीने नातीला ‘जा, थोडा सांबार खुडून आण’ म्हटले, की तो शब्द एका पिढीतून दुसऱ्या पिढीत गेला. त्यास पाठ्यपुस्तक लागले नाही. परसावर सिमेंट ओतून तेथे मोटार उभी केली की नात बाजारात जाते आणि ‘हरा धनिया’ घेऊन येते. तिचा यात काही दोष नाही. तिच्या तोंडातून शब्द काढून घेतला तो त्या सिमेंटने.

संत्र्याचेही तेच. सौंसर-पांढुर्ण्याच्या बागा काटोल-नरखेड, वरूड-मोर्शीच्या बागांच्या सख्ख्या बहिणी. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणे, बागेला ताण देणे, मृग बहार धरावा की आंबिया हे ठरविणे, हा सारा व्यवहार सीमेच्या दोन्ही बाजूंस एकाच भाषेत चालत आला. झाडाला राज्याची हद्द ठाऊक नसते, आणि डोळा बांधणाऱ्या बोटांनाही नसते. शासनाने नकाशावर जी रेघ ओढली, ती या बोटांनी इतकी वर्षे जुमानली नाही. भाषेच्या रक्षणाचे याहून मोठे काम कोणत्या संमेलनाने केले आहे, ते आम्हांस दाखवावे.

आता आमच्या प्रतिपक्षाकडे वळू. पहिला प्रतिपक्ष म्हणतो, हे सारे फावल्या वेळचे उद्योग आहेत. बागकाम, पाळीव जनावरे, हस्तकला ही हौस आहे, आणि ज्याला परवडते त्याने ती करावी. ‘हौस’ हा शब्द आम्हांस प्रिय आहे. परंतु येथे तो हिणविण्यासाठी वापरला जातो. बाईने चार जुनी लुगडी एकत्र शिवून गोधडी केली तर ते काटकसरीचे काम, म्हणजे गरिबीचे लक्षण. तीच गोधडी शहरातील दुकानात काचेमागे टांगली की ती कला! घरच्या दारात बसणारा गावठी कुत्रा म्हणजे बेवारशी. आणि वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या मुलखात बर्फाळ प्रदेशातला केसाळ कुत्रा विकत आणून पंख्याखाली धापा टाकीत ठेवला, तर ते प्राणिप्रेम! हातांनी केलेल्या वस्तूला, आणि घरच्या हवेत वाढलेल्या जिवाला, विकत घेतल्याशिवाय प्रतिष्ठा मिळू नये, हा कोणता न्याय? वर्धा, नागपूर, छिंदवाडा या टापूची स्वतःची गवळाऊ गाय आहे. पांढरी, चपळ, या उन्हाला सरावलेली. तिची ओळख आज किती मुलांना आहे?

दुसरा प्रतिपक्ष अधिक गंभीर आहे आणि त्याला आम्ही आदराने उत्तर देतो. तो म्हणतो, तुम्ही जुन्या घराचे गोडवे गाता. त्या घराची जमीन शेणाने सारवता सारवता बाईची कंबर मोडत होती, हे विसरता. सूप-टोपल्या विणणारा बुरूड आणि वहाणा शिवणारा चांभार गावकुसाच्या बाहेर का राहत होता, हेही विसरता. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच शेणसारवण पुन्हा सुरू करा, चूल फुंका, ट्रॅक्टर विकून बैल घ्या, असे आम्ही सांगत नाही. फरशी आली हे उत्तम झाले. पिंजऱ्यात पोपट पाळण्याची जुनी आवडही कायद्याने बंद केली, तेही योग्यच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला पोपट रानाचाच ठेवला आहे. परंतु कष्टाची वाटणी अन्यायाची होती म्हणून ज्ञानच फेकून द्यावे, हे तर्कशास्त्र आम्हांस उमगत नाही. उपाय उघड आहे. गोधडीचा टाका मुलालाही शिकवावा, वाफ्याला पाणी बापानेही घालावे, आणि बांबूच्या कामाला त्या कारागिराच्या नावासह आणि योग्य दामासह मान द्यावा. काम एका जातीच्या आणि एका बाईच्या पाठीवरून उतरले पाहिजे. ते हातांतूनच गळून पडता कामा नये.

तिसरा प्रतिपक्ष आमचाच भाषाबंधू आहे, आणि त्याच्यावर आमचा रोष सर्वांत अधिक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पुण्या-मुंबईत पेढे वाटले गेले. आनंदच आहे. परंतु याच भाषाभिमानी मंडळींपुढे सौंसरच्या मुलीने ‘सांबार’ म्हटले की ती हसतात आणि तिला इडलीची आठवण करून देतात. सीमेवरच्या माणसाला एका बाजूने सांगायचे की तुझी कचेरी हिंदी, आणि दुसऱ्या बाजूने सांगायचे की तुझी मराठी अशुद्ध. मग त्याने बोलावे तरी काय? जी बोली घरात जिवंत राहिली तिला हसायचे आणि जी ग्रंथात सुरक्षित आहे तिची आरती करायची, याला भाषाप्रेम म्हणत नाहीत. अभिजातपण भूतकाळाचा दाखला देते. उद्याची हमी देतो तो सांबाराचा वाफा.

या मासिकाच्या कोंकणी वाचकांस हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला होता. तीन वर्षे गेली, तीन शतके गेली. हुकूम विरून गेला आणि कोंकणी राहिली. १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मधल्या काळात तिला कोणी सांभाळले? कुळागराने, रांधपघराने आणि चवथीच्या माटोळीने. गणपतीवर बांधायच्या त्या लाकडी चौकटीला रानातली आणि परसातली फळे टांगायची, म्हणून ती ओळखायची, म्हणून त्यांची नावे ठाऊक हवीत. कांगलां कशाला म्हणतात हे गोव्यातील मूल शब्दकोशात पाहत नाही. ते हातात धरून शिकते. पांढुर्ण्याचा पोळा आणि गोव्याची माटोळी या एकाच शाळेच्या दोन वर्गखोल्या आहेत.

शाळा हा शब्द आलाच आहे, तर आणखी एक स्मरण करून देतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये पांढुर्ण्यापासून फार दूर नसलेल्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने दोन गोष्टी एकत्र मागितल्या: शिक्षण मातृभाषेतून व्हावे आणि ते हाताच्या उत्पादक कामाभोवती गुंफलेले असावे. या दोन मागण्या एकाच परिषदेतून पुढे याव्यात, हा योगायोग होता काय? हात आणि जीभ एकमेकींस शिकवितात, हे वर्ध्याने ओळखले होते. आम्ही पुढे काय केले? हाताच्या कामाचा आठवड्यातला एक तास ठेवला, आणि त्या तासासाठी लागणारी वस्तू बाप आदल्या रात्री दुकानातून तयार घेऊन येऊ लागला. तान्ह्या पोळ्याला मुलाने ओढायचा लाकडी बैलही आता प्लास्टिकचा मिळतो. सुताराकडे बसून त्या बैलाची चाके कशी बसवितात हे पाहण्यात जी दुपार जात असे, ती दुपारच आपण मुलाकडून काढून घेतली.

तेव्हा आमची मागणी अशी. ३५०-अ कलमाखाली सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांस मराठी शिक्षणाची सोय मिळालीच पाहिजे. त्यासाठी अर्ज, शिष्टमंडळे, जे करावे लागेल ते करावे. परंतु भोपाळच्या उत्तराची वाट पाहत हात बांधून बसू नये. या भागातील प्रत्येक घराने पुढच्या पोळ्यापर्यंत तीन कामे करावीत. अंगणात वा गच्चीवर, जेथे चार कुंड्यांची जागा असेल तेथे, सांबार, गोडनिंब आणि अंबाडी लावावी. घरातील वडीलधाऱ्यांकडून एक तरी हाताचे काम, दोर वळणे असो, गोधडी असो वा डोळा बांधणे, मुलामुलींनी शिकावे. आणि ते शिकताना कानावर पडलेला प्रत्येक शब्द वहीत लिहून ठेवावा, जसा उच्चारला तसा, पुण्याकडे मान वळवून न पाहता. गावच्या वाचनालयाने अशा वह्या गोळा केल्या तर त्यांतून जो कोश उभा राहील, तो कोणत्याही विद्यापीठाच्या कोशाहून अधिक खरा असेल.

याला हौस म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. राज्याची सीमा बदलणे आज आपल्या हातात नाही. परसाची सीमा आहे, आणि तेथे कोणत्या भाषेत पाणी घालायचे, हे विचारण्यास अजून कोणी अधिकारी आलेला नाही.