क्षमेला दुबळेपणा म्हणू नका

धर्माच्या नावाने राष्ट्रवाद अंगावर आला की ख्रिस्ती माणसाला दोन बोल ऐकावे लागतात. घरचे म्हणतात, ‘किती दिवस दुसरा गाल पुढे करणार? जशास तसे व्हा.’ दारचे म्हणतात, ‘तुमची सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष.’ एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे एका बाबतीत मात्र सहमत आहेत: करुणा खरी नसतेच, ती एक तर भित्रेपणा असते, नाही तर डावपेच. हे म्हणणे एका घटनेवर घासून पाहू.

२२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आपल्या दहा आणि सहा वर्षांच्या मुलांसह चर्चसमोर उभ्या गाडीत झोपले होते. मध्यरात्रीनंतर जमावाने गाडीखाली पेंढा टाकून तो पेटवला. बाप आणि दोन्ही मुले जळून मेली. स्टेन्स १९६५ पासून बारीपदा इथे कुष्ठरुग्णांत राबत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी काही दिवसांतच मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले.

क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण, असे समजणाऱ्यांनी पुढचे पाहावे. खटला चालला. मुख्य आरोपी दारासिंगला २००३ मध्ये फाशी सुनावली गेली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस यांनी सूड सोडला, न्याय सोडला नाही. त्या ऑस्ट्रेलियाला परतल्या असत्या तरी कुणी नावे ठेवली नसती. भित्र्या माणसाने पहिले विमान गाठले असते. त्या मात्र २००४ पर्यंत त्याच बारीपद्यात, त्याच रुग्णांमध्ये राहिल्या.

आता आमिषाचा आरोप. स्टेन्स मिशनरी होते, धर्माचा प्रचारही करत. ते झाकण्याचे कारण नाही. राज्यघटनेचे कलम २५ प्रत्येकाला तेवढी मोकळीक देते. या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या वाधवा आयोगाला सक्तीच्या धर्मांतराचा पुरावा सापडला नाही. सक्ती किंवा फसवणूक कुठे झाली असेल तर तिथे कायदा आहे, पेंढा आणि काडेपेटी नव्हे. आणि जखम धुणारा हात हेच आमिष वाटत असेल, तर त्यावर उतारा महाराष्ट्राने केव्हाच दाखवला आहे. कुष्ठरुग्णांसाठी अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन. अशी चढाओढ कुणी लावली तर ख्रिस्ती माणसाने तिचे स्वागतच करावे. रुग्ण बरा होत असेल, तर धुणारा हात कुणाचा हा प्रश्न गौण आहे.

मग करुणेने प्रत्यक्षात करायचे काय? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे पाहावे. हरित वसईच्या लढ्यात ते उतरले ते फक्त आपल्या चर्चच्या जमिनीसाठी नव्हे. लढा वसईची बागायत आणि पाणी वाचवण्याचा होता, आणि ती साऱ्यांचीच होती. पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनासाठी त्यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा केवळ ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. तरीही त्या व्यासपीठावर ते अध्यक्ष म्हणून उभे राहिले. शिवीला शिवी दिली नाही आणि जागाही सोडली नाही. करुणेला असा कणा लागतो.

तिला आरसाही लागतो. भारतातल्या काही चर्चमध्ये दलित ख्रिस्त्यांची दफनभूमी आजही वेगळी असते. मेल्यावरही जात विचारणाऱ्यांनी मानवी प्रतिष्ठेवर प्रवचन कोणत्या तोंडाने द्यावे? आणि ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये संसदेवर चाल करून गेलेल्या जमावात येशूच्या नावाचे झेंडे फडकत होते. मनोहरपूरचा निषेध करायचा आणि त्या झेंड्यांबाबत मूग गिळून बसायचे, हा दुटप्पीपणा झाला. तिथे आपण बहुसंख्य आहोत, एवढ्याने धर्मराष्ट्रवाद पवित्र होत नाही.

‘आमच्यावर अन्याय करू नका’ एवढीच मागणी असेल, तर ती गटाची मागणी आहे आणि तिला उत्तर म्हणून दुसरा गट उभा राहणारच. मुसलमानाला झुंडीने मारले, दलिताला विहिरीवरून हाकलले, हिंदूला बांगलादेशात लुटले, अशा प्रत्येक वेळी ख्रिस्ती माणसाचा आवाज तितकाच चढला पाहिजे. अल्पसंख्य असताना मागितलेला मान बहुसंख्य असताना दुसऱ्याला देण्याची तयारी नसेल, तर दारच्यांचा ‘डावपेच’ हा आरोप आपण स्वतःच खरा करून दाखवू.