तपास म्हणजे दोषसिद्धी नव्हे

परदेशी नोकरी करणाऱ्याचे भवितव्य न्यायालयाइतकेच व्हिसा खात्याच्या हाती असते. ऑस्ट्रेलियात नोकरीच्या व्हिसावर असलेले भारतीय डॉक्टर महंमद हनीफ यांना जुलै २००७ मध्ये दहशतवादाच्या तपासात अटक झाली. १६ जुलैला न्यायालयाने जामीन दिला. त्याच दिवशी मंत्र्यांनी व्हिसा रद्द केला! पुढे आरोप मागे घेतले गेले, ऑगस्टमध्ये न्यायालयाने व्हिसा रद्द करण्याचा निर्णयही फिरविला. पण तोवर डॉक्टर मायदेशी परतले होते.

निर्दोषत्वाचे गृहीतक न्यायालयात चालते, व्हिसाच्या खिडकीवर नव्हे. म्हणून व्हिसा बदलू पाहणाऱ्या आपल्या मुलांनी अर्जात विचारलेले पोलीस प्रकरण दडवू नये. आधी वकील गाठावा. दडवणूक हाच मग दुसरा आरोप ठरतो. अशा वेळी आपल्या दूतावासानेही त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.