विजेने पेशी भाजते की फुटते?

विजेच्या धक्क्याने पेशी कशी मरते, असे मी वर्गात विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, "सर, भाजून!" हे उत्तर अगदीच चूक नाही. पण ते हिशेब न करता दिलेले असते, ही माझी तक्रार आहे.

आपल्या तांबड्या रक्तपेशीचेच उदाहरण घ्या. सन १९७७ मध्ये अमेरिकेत किनोसिता आणि त्सोंग या शास्त्रज्ञांनी मिठाच्या द्रावणातील मानवी रक्तपेशींना विजेचे अत्यंत अल्पकाळाचे स्पंद दिले. दर सेंटिमीटरला सुमारे २,००० व्होल्ट आणि काळ २० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी अवघे २० भाग! एवढ्यानेही पेशी फुटू लागल्या. त्या भाजल्या काय?

आता दहावीतले सूत्र आठवा : उष्णता = व्होल्ट × अँपिअर × सेकंद. त्या द्रावणाचा एक घन सेंटिमीटर घेतला, तर २,००० व्होल्टला त्यातून सुमारे ३० अँपिअर प्रवाह जातो. २० मायक्रोसेकंदांत उष्णता निर्माण होते फक्त १.२ ज्यूल. तेवढे पाणी एक अंशाने तापवायला ४.२ ज्यूल लागतात. म्हणजे तापमान वाढले जेमतेम ०.३ अंश! रक्तपेशीच्या पटलाला आतून आधार देणारे स्पेक्ट्रिन हे प्रथिन मात्र ५० अंश सेल्सिअसच्या आसपास बिघडते. तेव्हा उष्णतेवरचा आरोप येथे टिकत नाही.

मग खरा आरोपी कोण? पटलाची जाडी पाहा. ती आहे सुमारे ५ नॅनोमीटर. पेशीच्या आतले आणि बाहेरचे द्रव विद्युतवाहक, पण पटल मात्र विद्युतरोधक. त्यामुळे सगळा ताण पटलावरच येतो. पेशीच्या दोन्ही टोकांच्या पटलांवर मिळणारा दाब असतो प्रत्येकी सुमारे १ व्होल्ट. तुम्ही म्हणाल, एवढाच? पण ५ नॅनोमीटरवर १ व्होल्ट म्हणजे दर सेंटिमीटरला २० लाख व्होल्ट! हवेत ठिणगी पडायला दर सेंटिमीटरला सुमारे ३० हजार पुरतात.

या ताणाने पटलाला सूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांतून मिठाचे आयन आत येतात, पण हीमोग्लोबिनचा मोठा रेणू बाहेर पडू शकत नाही. परासरणाने पाणी आत शिरते, पेशी फुगते आणि फुटते. छिद्रांतून न जाणारी, मोठ्या रेणूंची साखर बाहेरच्या द्रवात मिसळली, तर हे फुगणे थांबते. शरीराच्या तापमानाला ठेवल्यास छिद्रे बुजतातही. भाजलेली पेशी अशी सावरली असती का?

मात्र स्पंद हजारपट लांबवला, तर तोच हिशेब सांगतो की पाणी उकळेल. म्हणजे उष्णता की ताण, हे काळावर अवलंबून आहे.

हा नुसता प्रयोगशाळेतला खेळ नव्हे. उच्च दाबाच्या तारेचा धक्का बसलेल्या माणसाच्या स्नायूंतील पेशींनाही अशी छिद्रे पडू शकतात, असे ली आणि कोलोडनी यांनी १९८७ मध्ये मांडले. कातडीवर लहानसा डाग आणि आत मोठी इजा, असे प्रत्यक्षात घडते. म्हणून "फारसे भाजले नाही, घरी न्या" असे कोणी म्हणाले, तर ऐकू नका. आधी वीज बंद करा, आणि त्याला तडक रुग्णालयात न्या.

डॉक्टर व्हायचे म्हणून भौतिकशास्त्र आणि गणित नकोसे वाटणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो. शिक्षक मित्रांनीही हा हिशेब एकदा फळ्यावर करून दाखवावा. कारण मनात पहिल्यांदा येणारे कारण खरे असेलच असे नाही; ते तपासायला कधीकधी एक गुणाकार आणि एक भागाकार पुरतो.