सुटी मुंबईची, झळ खुटबावची

गेल्या काही वर्षांत घडलेल्या घटनांपैकी एक वरकरणी क्षुल्लक घटना अशी. ५ सप्टेंबर २०२५ रोजी, शुक्रवारी, ईद-ए-मिलादनिमित्त दौंड तालुक्यात, म्हणजे खुटबावातही, सार्वजनिक सुटी होती. मुंबईत मात्र ती नव्हती. अनंत चतुर्दशीच्या विसर्जन मिरवणुका आणि ईदचे जुलूस एकमेकांत येऊ नयेत म्हणून मुंबई शहर व उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती ती सुटी सोमवारी, ८ तारखेला, नेण्यात आली होती. दोन्ही समाजांतील समजुतीने झालेला हा बदल स्वागतार्हच म्हटला पाहिजे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, शुक्रवारी खुटबाव सुटीवर असताना मुंबईत डॉलरचे सौदे चालू राहिले आणि रुपयाने ८८ रुपये ३६ पैशांचा तोवरचा नीचांक गाठला. सोमवारी खुटबावचे व्यवहार सुरू झाले, तेव्हा साऱ्या देशाचा परकी चलनाचा बाजार बंद होता. देशातील शेकडो जिल्ह्यांपैकी दोन जिल्ह्यांचे पंचांग हेच भारताच्या रुपयाचे पंचांग आहे, ही गोष्ट त्या दिवशी स्पष्ट दिसली.

खुटबावच्या शेतकऱ्याला डॉलरशी काय देणेघेणे, असा प्रश्न शहरी वाचकाच्या मनात येईल. पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या दरम्यान असलेल्या या गावाच्या पंचक्रोशीत कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत, कांदा आहे. उसाला लागणारे पोटॅश संपूर्णपणे परदेशातून येते. डीएपीचा कच्चा मालही बहुतांशी बाहेरचाच. ट्रॅक्टरमधले डिझेल ज्या खनिज तेलापासून होते, त्याचा सुमारे सहा-सप्तमांश भाग आयात होतो आणि घरातल्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक. कांदा बाहेर जातो तेव्हा तो डॉलरच्या भावाने जातो. डॉलर कधीही हाती न धरलेला हा माणूस डॉलरच्या भावाशी अशा रीतीने चारही बाजूंनी बांधलेला आहे. त्याच्यात आणि तेलकंपनीत फरक एवढाच की, भाव कधी, कुठे आणि कोणी ठरविला हे तेलकंपनीला कळते, याला कळत नाही.

परकी चलनाचा सौदा आज झाला तरी त्याची नेहमीची चुकती दोन कामकाजाच्या दिवसांनी होते, आणि त्यासाठी मुंबई व न्यूयॉर्क या दोन्ही ठिकाणच्या बँका उघड्या असाव्या लागतात. ५ सप्टेंबरच्या शुक्रवारी झालेला सौदा एरवी मंगळवारी पुरा झाला असता. सोमवारच्या सुटीमुळे तो बुधवारवर गेला. त्याच आठवड्याच्या आरंभी, १ तारखेला, न्यूयॉर्कला सुटी होती, कारण अमेरिकेत कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी पाळतात. (मे दिनाचे निमित्त ठरलेला १८८६ चा लढा ज्या शिकागोत झाला, त्याच देशाने मे दिनाला अधिकृत मान्यता दिलेली नाही, मुंबईचा बाजार मात्र १ मे रोजी न चुकता बंद असतो.) सुटीच्या आधी आयातदार आपली गरज भागवून घेतात आणि बँका उघडे व्यवहार गुंडाळून ठेवतात, म्हणून मागणी एका दिवसात दाटते. सुटीत जगात काही घडलेच तर त्याचा सारा भार पुढच्या सकाळी एकदम कोसळतो. १४ ऑगस्ट २०१३ च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने परदेशी पैसा पाठविण्यावर निर्बंध जाहीर केले. मध्ये स्वातंत्र्यदिनाची सुटी गेली. १६ तारखेला बाजार उघडताच रुपया प्रथमच ६२ च्या खाली घसरला आणि शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसात साडेसातशेहून अधिक अंशांनी आपटला. त्या घसरणीची मूळ कारणे अर्थातच खोल होती, परंतु विचार करायला मिळालेल्या त्या एका दिवसाने घबराट शमविली नाही, वाढविलीच.

मुंबई झोपते तेव्हा रुपया झोपत नाही, हे तर याहून महत्त्वाचे. सिंगापूर व लंडन येथे रुपयाचे असे सौदे होतात की, ज्यांत रुपयाची प्रत्यक्ष देवघेवच होत नाही. ठरलेला भाव आणि प्रत्यक्ष भाव यांतील फरक डॉलरमध्ये चुकता केला जातो. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनमधील रुपयाची रोजची उलाढाल सुमारे ४७ अब्ज डॉलर होती आणि खुद्द भारतातील सुमारे ३५ अब्ज. आपल्या चलनाचा मोठा बाजार आपल्या देशाबाहेर! उषा थोरात यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाने २०१९ मध्ये या प्रश्नाचा ऊहापोह केल्यावर २०२० पासून काही भारतीय बँकांनाही त्या परकी बाजारात उतरण्याची मुभा मिळाली. २७ ऑगस्ट २०२५ हा गणेश चतुर्थीचा दिवस. मुंबईचा बाजार बंद होता, आणि नेमक्या त्याच दिवशी भारतीय मालावरील अमेरिकेचा वाढीव आयातकर लागू होऊन एकूण बोजा ५० टक्क्यांवर गेला. घराघरांत गणपतीची प्रतिष्ठापना चालली असताना परदेशांतील बाजार उघडेच होते. दोन दिवसांनी, २९ तारखेला, मुंबईत रुपयाने ८८ चा टप्पा प्रथमच ओलांडला. ज्याच्याजवळ सिंगापुरात खाते आणि लंडनमध्ये दलाल आहे त्याला सुटी नाही, आणि म्हणून धोकाही कमी. जिल्ह्यातील लहान निर्यातदार त्या दिवशी फक्त वाट पाहू शकतो, आणि त्याचा तोटा तो ज्याच्याकडून माल घेतो त्याच्यावर ढकलतो.

हे ऐकून उद्योगपतींचे मुखंड लगेच म्हणतील की, म्हणूनच सुट्या कमी करा. या युक्तिवादाला कार्यकर्त्यांनी बळी पडता कामा नये. या देशात श्रमिकांची सुटी कोणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी पदरात पडली. बँकेचा कारकून आणि शिपाई सणाला घरी असावा ही मागणी त्याच परंपरेतली आहे. डॉलर चोवीस तास फिरतो म्हणून माणसानेही चोवीस तास राबावे, हे तर्कशास्त्र नफेखोरांचे होय.

खरा आक्षेप सुटीवर नसून ती जाहीर करण्याच्या सत्तेवर आहे. बँकांची सुटी १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या २५ व्या कलमाखाली ठरते. तो अधिकार केंद्राने राज्यांना सोपविलेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येतील राममंदिराच्या सोहळ्यासाठी महाराष्ट्र सरकारने २२ तारखेच्या सोमवारची सुटी आदल्या शुक्रवारी, १९ तारखेला, जाहीर केली, आणि त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेला परकी चलन, नाणे आणि सरकारी रोखे यांचे बाजार बंद ठेवण्याची घोषणा करावी लागली. शेअर बाजाराने शनिवारी पूर्ण दिवस काम करून आपली सोय लावली. कायद्याचे चार विद्यार्थी या सुटीविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. त्यांची याचिका रविवारी खास सुनावणी होऊन फेटाळली गेली. न्यायालयाने काय म्हटले हा भाग वेगळा. एका धार्मिक-राजकीय सोहळ्यासाठी तीन दिवसांच्या सूचनेने साऱ्या देशाचा चलनबाजार बंद करता येतो, ही व्यवस्था लोकशाहीला शोभणारी आहे काय, हा प्रश्न तरीही उरतोच.

आणि हे हत्यार जुने आहे. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. दिल्लीच्या गोऱ्या सरकारने वटहुकूम काढून सोने वा पौंड विकण्याचे आपले बंधन तहकूब केले आणि याच १८८१ च्या कायद्याखाली तीन दिवस बँकांना सुटी देऊन टाकली. महात्मा गांधी तेव्हा गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. तीन दिवसांनी दारे उघडली तेव्हा निकाल लागलेला होता: रुपया घसरत्या पौंडाला अठरा पेन्सच्या त्याच चढ्या दराने जखडलेला. हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये सुचविलेल्या त्या दराला सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून विरोध केला होता, कारण चढ्या रुपयाने शेतमालाला कमी भाव मिळतो. मंदीने आधीच भाव कोसळलेले. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र जिथल्या तिथे. पुढच्या काही वर्षांत खेड्यापाड्यांतून मोडीत निघालेले सोने जहाजे भरभरून परदेशी गेले. स्त्रियांच्या अंगावरचे डाग विकून साम्राज्याचे देणे फिटले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

स्वदेशी राज्यकर्त्यांनीही हीच युक्ती उचलली. ६ जून १९६६ पासून डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, आणि ती घोषणा झाली रविवारी रात्री. १६ जानेवारी १९७८ रोजी मोठ्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीनंतरही तेच झाले. सट्टेबाजांना सुगावा लागू नये म्हणून बंद दारे आवश्यक असतात, हे मान्य. परंतु २०१६ मध्ये दारे पुन्हा उघडल्यावर अवघ्या काही दिवसांतच जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्याची मनाई झाली; म्हणजे ज्या बँकेत खेड्यातला शेतकरी जातो तिचेच दार पुन्हा लागले. ऊस-कांद्याच्या ऐन हंगामात ज्यांनी रांगा लावल्या त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा मागणी नेमकी असली पाहिजे. नैसर्गिक आपत्ती वा राष्ट्रीय दुखवटा वगळता २५ व्या कलमाखालील सुटी निदान तीस दिवस आधी जाहीर करण्याचे बंधन राज्य सरकारवर घालावे. चंद्रदर्शनाने बदलणाऱ्या सणांसाठी पर्यायी तारीख वर्षारंभीच नमूद करावी. परकी चलनाची चुकती करणाऱ्या मोजक्या विभागांत सुटीच्या दिवशी काम ठेवायचेच असेल, तर ते संघटनेशी करार करून, बदली रजा आणि दुप्पट वेतन देऊन ठेवावे. कारकुनाच्या सणावर टाच आणून नव्हे. सुटीमुळे लांबलेल्या चुकतीचे व्याज लहान निर्यातदाराच्या आणि सहकारी संस्थेच्या माथी मारण्यास बँकांना मनाई असावी. आणि निर्यातीवरील करांबाबतही हाच नियम हवा: कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लादले गेले ते १९ ऑगस्ट २०२३ च्या शनिवारी, वाटेत असलेल्या मालालाही सवलत न देता. दौंड-शिरूरच्या कार्यकर्त्यांनी केडगावच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्यांपुढे हा विषय मांडावा आणि बाजार समित्यांकडून तसे ठराव करून घ्यावेत.