रंग नाही, वास नाही

अणू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बॉम्ब उभा राहतो. पण अणूचे किरण भंगाराच्या दुकानातही माणसाचा जीव घेऊ शकतात. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागात हे घडले.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६८ साली कॅनडातून आणलेले एक यंत्र होते. त्यात कोबाल्ट-६० हा धातू होता. वर्षानुवर्षे बंद पडलेले हे यंत्र फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात भंगारवाल्यांना विकले गेले. मायापुरीत ते फोडले, शिशाचे कवच निघाले आणि आतला कोबाल्ट उघडा पडला. दुकानातील माणसांना उलट्या होऊ लागल्या, कातडी काळी पडली, केस गळले. एप्रिलमध्ये एका कामगाराचा मृत्यू झाला.

असे का झाले? सर्व पदार्थ अणूंचे बनलेले असतात. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते. काही केंद्रके अस्थिर असतात. ती स्थिर होताना किरण बाहेर टाकतात. अल्फा किरण कागदानेही अडतात, बीटा किरण पातळ पत्र्याने. गॅमा किरणांना मात्र शिशाची किंवा काँक्रीटची जाड भिंत लागते. कोबाल्ट-६० मधून गॅमा किरण निघतात व शरीरातील पेशींची नासधूस करतात. त्यांना रंग नाही, वास नाही. कोबाल्टचा जोर दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. ४२ वर्षांत तो सुमारे ८ वेळा निम्मा झाला, तरी उरलेला जीवघेणा ठरला.

हाच कोबाल्ट कॅन्सरच्या रुग्णांवर उपचारासाठीही वापरतात. म्हणून आम्ही शास्त्राला दोष देत नाही. यंत्र विकणारे शिकलेले होते. मरण आले ते हातोडा चालवणाऱ्याला. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी माय-बहिणी भंगार वेचून घर चालवतात. त्यांना एक खूण सांगून ठेवा: पिवळ्या पाटीवर मध्ये ठिपका आणि भोवती पंख्यासारखी तीन पाती. अशी खूण असलेली वस्तू फोडू नका, उचलू नका. लांब व्हा, मुलांना दूर ठेवा आणि पोलिसांना कळवा. शाळेत जाणाऱ्या मुलांकडून ही खूण आजच कागदावर काढून घ्या आणि शेजारच्या भंगारवाल्याच्या दुकानात लावा.