आराखडे अनेकांचे, जबाबदारी कोणाची?

१४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर पश्चिम लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली निवासी इमारतीला आग लागली आणि तीत ७२ माणसे मृत्युमुखी पडली. सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशी मंडळाचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्वालाग्राही आच्छादन खपविणारे कारखानदार आणि धोक्याची सूचना मिळूनही स्वस्थ बसलेले सरकार यांच्यावर त्यात ठपका येणार, हे अपेक्षितच होते. परंतु या अहवालाने आणखी एका वर्गाला जाब विचारला आहे. हा वर्ग स्वतः वीट रचत नाही, की सिमेंट कालवत नाही. वास्तुविशारद, अभियंते, सर्व्हेयर, अग्निसुरक्षेचे तज्ज्ञ, प्रकल्पाचे सल्लागार अशा नावांनी तो ओळखला जातो, आणि त्याच्या सहीवाचून आजच्या इंग्लंडमध्ये कोणतीही मोठी इमारत उभी राहत नाही. या जाणकारांच्या व्यवसायाचा पसारा केवढा आहे आणि त्याची घडण कशी आहे, हा विषय वरकरणी रुक्ष वाटेल. परंतु ७२ माणसांच्या मृत्यूचा एक धागा या घडणीपर्यंत जातो. म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

पसाऱ्याचा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नात बांधकामाचा वाटा सुमारे सहा टक्के आहे आणि वीस लाखांहून अधिक माणसे त्यावर पोट भरतात, असे सांगितले जाते. या हिशेबात सल्लागारांची कार्यालये धरलेलीच नसतात. सरकारी वर्गीकरणात बांधकामाचा रकाना निराळा; वास्तुविशारद व अभियंते यांची कार्यालये ‘व्यावसायिक, शास्त्रीय व तांत्रिक सेवा’ या रकान्यात जातात. तेथेही पुलाची आखणी करणारे आणि तेलशुद्धीकरणाच्या कारखान्याची आखणी करणारे एकाच सदरात मोजले जातात. क्वांटिटी सर्व्हेयरची गणना तर किरकोळ व्यवसायांच्या सदरात होते. कंत्राटदार कंपन्या व नगरपालिका यांच्या नोकरीत असलेले जाणकार आपापल्या मालकाच्या रकान्यात लोपतात. एकट्या वास्तुविशारदांच्या नोंदवहीतच चाळीस हजारांहून अधिक नावे आहेत. सर्व शाखांची बेरीज केली तर संख्या काही लाखांच्या घरात जाईल. मात्र ही बेरीज कोणत्याही एका सरकारी कोष्टकात तयार मिळत नाही. म्हणूनच कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री कौन्सिल या व्यवसायांच्या शिखर संस्थेला या शतकाच्या आरंभी स्वतःच पाहणी हाती घ्यावी लागली. ज्याचे मोजमाप नीट होत नाही त्याविषयीचे धोरणही नीट आखले जात नाही, हा अनुभव सर्वत्र येतो.

या विखुरलेपणाला इतिहास आहे. स्थापत्य अभियंत्यांची संस्था १८१८ मध्ये स्थापन झाली आणि टॉमस टेलफर्ड हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. वास्तुविशारदांची संस्था १८३४ मध्ये निघाली, सर्व्हेयरांची १८६८ मध्ये. पुढे संरचना अभियंत्यांनी आपली चूल वेगळी मांडली. प्रत्येक संस्थेने राजाची सनद मिळविली, आपली परीक्षा ठरविली आणि नावापुढे लावावयाची आपली अक्षरे ठरविली. क्वांटिटी सर्व्हेयर हा तर खास ब्रिटिश प्राणी आहे. नकाशावरून विटा, चुना, लाकूड यांचे परिमाण काढून मोजमापाचे पत्रक तयार करणे आणि त्यावरून कंत्राटदारांच्या दरांची तुलना करणे हे त्याचे मूळ काम. युरोपातील इतर अनेक देशांत हे काम वास्तुविशारद किंवा अभियंता करतो. इंग्लंडने त्याचा स्वतंत्र व्यवसाय केला आणि साम्राज्याबरोबर तो जगभर नेला.

आपल्याकडील बलुतेदारीची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था होती. काम ठरलेले आणि त्याचा वाटाही ठरलेला. बांधकामाच्या खर्चावर अमुक टक्के शुल्क घ्यावयाचे, असे संस्थेचे बंधन असे. त्याहून कमी घेऊन दुसऱ्याचे काम ओढणे हा व्यवसायधर्माचा भंग मानला जाई. यात मक्तेदारीचा वास होता, हे खरे. परंतु शुल्कावरून घासाघीस होत नसल्यामुळे ज्याला जितका विचार करावयाचा तितका करण्यास सवड मिळे, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या व्यवसायाने सरकारी सेवेचा मोठा मार्ग धरला. लंडन कौंटी कौन्सिलच्या वास्तुविभागात त्या पिढीतील उत्तमोत्तम माणसे नोकरीस होती. १९५१ मध्ये उघडलेला रॉयल फेस्टिव्हल हॉल याच विभागाने रचला. शाळा, घरे, इस्पितळे यांचे आराखडे नगरपालिकांच्या कचेऱ्यांत तयार होत. १९७५ च्या सुमारास ब्रिटनमधील जवळजवळ निम्मे वास्तुविशारद सार्वजनिक सेवेत होते. आज इंग्लंडमध्ये हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. एवढा पालट क्वचितच दुसऱ्या एखाद्या व्यवसायात झाला असेल.

तो काळ निर्दोष होता असे मात्र कोणी समजू नये. १९६८ मध्ये पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली नव्या इमारतीत स्वयंपाकाच्या गॅसचा स्फोट झाला आणि तिचा एक कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा ढासळला. ती इमारतही नगरपालिकेचीच होती. जॉन पोलसन या वास्तुविशारदाने नगरपालिकांतील कामे लाच देऊन मिळविल्याचे प्रकरण १९७२ मध्ये चव्हाट्यावर आले, तेव्हा गृहमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांना पद सोडावे लागले आणि १९७४ मध्ये पोलसन तुरुंगात गेला. सार्वजनिक सेवेवरील लोकांचा विश्वास डळमळण्यास अशी कारणे घडली होती. त्यावर उपाय म्हणून जे केले गेले ते मात्र रोगापेक्षा भारी ठरले.

मक्तेदारी आयोगाने १९७७ मध्ये ठरीव शुल्काविरुद्ध मत दिले आणि पुढील काही वर्षांत ते बंधन सुटले. १९८४ च्या कायद्याने इमारतींची तपासणी करण्याचे काम खासगी निरीक्षकांनाही खुले झाले. १९२१ पासून सरकारी असलेली इमारत संशोधन संस्था १९९७ मध्ये खासगी झाली. सरकारी इमारती सांभाळणाऱ्या प्रॉपर्टी सर्व्हिसेस एजन्सीचा आराखडे करणारा विभाग १९९२ मध्ये टारमॅक या कंत्राटदार कंपनीने घेतला. याच कंपनीतून १९९९ मध्ये कॅरिलियन निघाली आणि जानेवारी २०१८ मध्ये तिचे दिवाळे वाजले. जे ज्ञान एके काळी सरकारच्या पदरी होते ते कंत्राटदाराच्या घरी गेले आणि त्याच्या दिवाळ्यात सापडले. या सर्व कालखंडाचे चित्र या एका उदाहरणात दिसते.

आज या क्षेत्राची घडण वर अवाढव्य आणि खाली बारीक अशी आहे. बहुसंख्य वास्तुविशारदांच्या कार्यालयांत दहा माणसेही नसतात. घराला खोली वाढविणे, दुकानाची दुरुस्ती करणे यांवर ती चालतात. दुसऱ्या टोकाला हजारो माणसे बाळगणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यांतील अनेकींची मालकी ब्रिटनबाहेर गेली आहे. १८६८ पासूनची परंपरा सांगणारी हॅल्क्रो ही कंपनी २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीने घेतली आणि ती अमेरिकन कंपनी २०१७ मध्ये दुसऱ्या अमेरिकन कंपनीने गिळली. स्कॉट विल्सनची गत २०१० नंतर तशीच झाली. अ‍ॅटकिन्स २०१७ मध्ये कॅनडाच्या कंपनीकडे गेली, ई. सी. हॅरिस २०११ मध्ये नेदरलँड्सच्या. सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या छताचे गणित सोडविणारी अरुप, तसेच मॉट मॅक्डोनाल्ड, यांची मालकी मात्र अजून कर्मचाऱ्यांच्या किंवा त्यांच्यासाठी असलेल्या न्यासांच्या हाती आहे. मोठ्या कंपन्यांचा लौकिक जगभर आहे आणि परदेशांतून त्या पुष्कळ उत्पन्न आणतात. त्यांच्या कर्तृत्वाला कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. जाणकार पुष्कळ असले, तरी त्यांच्यापैकी इमारतीत राहणाऱ्या माणसाला उत्तर देणारा कोण?

ग्रेनफेलमध्ये या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. इमारत नगरपालिकेची, तिचा कारभार एका भाडेकरू-संस्थेकडे, मुख्य कंत्राटदार एक, आच्छादन बसविणारा पोटकंत्राटदार दुसरा. वास्तुविशारद, अग्नितज्ज्ञ आणि खर्चाचे सल्लागार आणखी निराळे. उंच इमारतीला आच्छादन घालण्याचा अनुभव निवडलेल्या वास्तुविशारदाच्या कार्यालयाला नव्हता. त्याच्या शुल्काची रक्कम अशी बेतली गेली की जाहीर स्पर्धा घेण्याची गरजच पडू नये. पुढे आराखडा आणि बांधकाम अशी दोन्ही कामे एकाच कंत्राटदारावर सोपविली गेली आणि मालकाचा वास्तुविशारद कंत्राटदाराचा झाला. अग्नितज्ज्ञांनी २०१३ च्या अहवालात लिहिले की, इमारतीबाहेरून आग पसरण्याच्या दृष्टीने बदलांचा वाईट परिणाम होणार नाही आणि याची खात्री पुढील अहवालात करून दिली जाईल. तो पुढील अहवाल कधी आला नाही, आणि कोणी तो मागितलाही नाही. आच्छादनाची निवड योग्य आहे की नाही हे दुसऱ्या कोणीतरी तपासले असेल, असे प्रत्येकाने गृहीत धरले. नगरपालिकेच्या इमारत-निरीक्षकानेही तेच केले. चौकशीपुढे जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवीत राहिला.

या अपयशात माणसांचे दोष आहेतच. परंतु प्रत्येकाचा दोष लपावा अशी सोय व्यवसायाच्या घडणीनेच करून ठेवली होती. शुल्क कमीत कमी, म्हणून काम ठरल्यापेक्षा तसूभरही अधिक करावयाचे नाही. करारातील कलमाबाहेरचा प्रश्न विचारला तर तो आपल्याच गळ्यात पडेल, ही भीती. त्यातून सर्वांत मोठी उणीव अशी की, मालकाच्या बाजूने हे सारे समजून घेणारा जाणता माणूस उरला नव्हता. ज्या नगरपालिकांच्या पदरी एके काळी वास्तुविशारदांचे ताफे होते त्यांना आता आपण काय विकत घेत आहोत हे पारखण्यासाठीही सल्लागारच नेमावा लागतो.

ब्रिटिश सरकारने या प्रकरणापासून काहीच बोध घेतला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने आराखड्याची जबाबदारी एका प्रमुख रचनाकारावर नावानिशी टाकली आहे. चौकशी मंडळाने विखुरलेले अधिकार एका नियामकाकडे आणण्याची आणि अग्निसुरक्षेच्या अभियंत्याचा व्यवसाय कायद्याच्या कक्षेत घेण्याची शिफारस केली आहे. ही पावले योग्य दिशेची आहेत. तथापि कायद्याने जबाबदारी नेमून दिली तरी ती पेलण्यास लागणारा वेळ आणि शुल्क कायदा देत नाही. ते द्यावयाचे तर नगरपालिकांना आपल्या पदरी पुन्हा जाणकार बाळगावे लागतील आणि सर्वांत स्वस्त सल्ला हाच सर्वांत चांगला, हा हिशेब सोडावा लागेल. त्याची तयारी अद्याप दिसत नाही.

आपण हे सारे दूरच्या देशाची गोष्ट म्हणून वाचू शकत नाही. याच ब्रिटिश कंपन्यांची कार्यालये आज मुंबईत व बंगळूरात आहेत आणि आपले तरुण अभियंते तेथे बसून परदेशांतील कामांची गणिते करतात. कायद्याचा वारसाही एकच आहे. ब्रिटनमध्ये ‘वास्तुविशारद’ ही पदवी कायद्याने राखलेली आहे, पण आराखडे करण्याचे काम कोणासही मोकळे आहे. आपल्या १९७२ च्या कायद्याचाही अर्थ तोच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. नाव राखले आहे, काम राखलेले नाही. शिवाय सार्वजनिक बांधकाम खात्याचे अभियंते स्वतः आराखडे करीत त्या जागी सल्लागार नेमण्याची प्रथा आपल्याकडेही वाढत आहे. सल्लागार नेमण्यात गैर काही नाही. परंतु त्याचा सल्ला तपासून पाहील असा माणूस खात्यात राहिला आहे का, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

एखाद्या देशातील जाणकारांची संख्या किती आणि त्यांची मिळकत किती, यावरून त्या व्यवसायाचा पसारा कळतो. त्याची योग्यता मात्र अडचणीच्या एका प्रश्नाने ठरते: आच्छादन पेट घेईल का, असे विचारले असता ‘हे पाहण्याचे काम माझे आहे’ असे म्हणणारा एक तरी माणूस तेथे आहे का? ग्रेनफेल टॉवरवर काम करणाऱ्या इतक्या कार्यालयांत असा एकही माणूस निघाला नाही.