आधीं दोष शोधावा

डेटाबेसशीं आज्ञावलीचें बोलणें जुळेना, कीं पुष्कळ विद्यार्थी सर्व सामग्री काढून टाकून पुनः बसवूं लागतात. आमच्या मतें ही रीत त्याज्य होय. तिनें कधीं कधीं काम होतें हें खरें. परंतु कशानें झालें हें कळत नाहीं, आणि इतर कामांस लागणारी चालती सामग्रीहि त्या भरांत नाहींशी होते. पालकांनींहि ‘चाललें ना?’ एवढेंच न विचारतां ‘कां अडलें होतें?’ असें विचारावें.

आज्ञावली व डेटाबेस यांमध्यें ड्रायव्हर नांवाचा दुभाषी असतो. ओडीबीसी ही अशा दुभाषांची पद्धति १९९२ सालीं निघाली. ६४ बिटी विंडोजमध्यें तिच्या नोंदी ठेवणारीं साधनें दोन आहेत, आणि दोहोंच्या फायलींचें नांव एकच! त्यांतहि मौज अशी कीं, ६४ बिटी साधन ‘सिस्टिम३२’ या फोल्डरांत राहतें, आणि ३२ बिटी ‘सिसवाऊ६४’ मध्यें. एका साधनांत केलेली सिस्टिम-नोंद दुसऱ्या जातीच्या आज्ञावलीस दिसत नाहीं. ‘नांव सांपडलें नाहीं’ हा संदेश तेव्हां अगदीं खरा असतो. तेथें दहा वेळां सामग्री बसवून काय साधणार?

लिनक्सवर ड्रायव्हरच्या फायलीवर ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवावी. कोणती लायब्ररी मिळत नाहीं हें नांवानिशीं कळतें. हातानें चालविलेलें काम रात्रीं क्रॉनकडून अडलें, तर बहुधा लायब्ररीचा मार्ग प्रोफाइलमध्यें लिहिलेला असतो, व क्रॉन ती फाईल वाचीत नाहीं. तो मार्ग त्या कामाच्याच फायलींत लिहावा, म्हणजे भागतें.